वस्तरा चालू असताना हसवू नये

बाजारपेठेनं त्याचं नाव डुलकीशेठ ठेवलं, तेव्हा त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. पण बिचाऱ्याला तेवढीही सोय नव्हती. मनापासून हसू आलं की त्याचे गुडघेच जायचे. डोकं ठिकाणावर, कान शाबूत, आणि माणूस मात्र जमिनीवर. मिनिटभरानं कपडे झटकत उठायचा आणि विचारायचा, "हं, पुढे काय झालं?"

धंद्यानं तो न्हावी. दोन खुर्च्यांचं सलून, वडलांच्या वेळचं. वडलांनी त्याला फुगा फुगवून, त्यावर साबण लावून वस्तरा धरायला शिकवलं होतं. फुगा फुटला की दुसरा, तोही फुटला की एक धपाटा आणि तिसरा. त्यातून हात असा हलका झाला की गिऱ्हाईक "करा आता सुरू" म्हणेपर्यंत गालावर तुरटी फिरलेली असायची.

पण झोप मानगुटीवर बसलेली. आठ तास झोपून आलेला माणूस सकाळी दहाला कंगवा हातात धरून पेंगायचा. चहाचे आठ कप झाले, डोळ्यांवर गार पाणी झालं, नाकात तपकीर झाली. तपकिरीचा उपयोग एवढाच की झोपेतही शिंका येऊ लागल्या.

दुसरी खुर्ची बायकोच्या धाकट्या भावाकडे होती. मेव्हणा कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. "दाजी, आजारबिजार काही नाही. आळसाला औषध नसतं," हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. अशी अकरा वर्षं गेली.

मग एके दिवशी एका म्हाताऱ्या हेडमास्तरांची दाढी करताना वस्तरा गालावरच थांबला. हेडमास्तरांनी थोडी वाट पाहिली, आरशात बघितलं, तर शेठ उभ्या उभ्या झोपलेले. त्यांनी दोन बोटांनी स्वतःच वस्तरा बाजूला केला. कानाखाली जरासं खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. डुलकीशेठ मात्र पार हादरला. त्यानं वस्तरा पुसला, मेव्हण्याच्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पुढे तो फक्त केस कापायचा, तेही डोळे उघडे राहतील तेव्हाच. दाढीसाठी ज्याचं नाव होतं त्याला हे किती लागलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला तेवढं कळत होतं, कारण तो घरी फुगे फुगवत बसायचा.

फुग्यांचं तिसरं पाकीट संपल्यावर बायकोनं त्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी झोपेचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हसल्यावर पडता का?"

आजवर त्याला सगळ्यांनी झोपेवरून बोल लावले होते, हसण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

डोक्याला तारा चिकटवून एक रात्र त्याची झोप मोजली. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी "आता झोपा" म्हणून पाच वेळा आडवं केलं. पाचही वेळा तो दोन मिनिटांच्या आत गुडूप. "छान, अगदी स्पष्ट आलंय," म्हणून तपासणीवाल्या मुलीनं कौतुक केलं. झोपल्याबद्दल शाबासकी मिळायची ही त्याची पहिलीच वेळ.

"नार्कोलेप्सी म्हणतात याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन असतं, ते तुमच्यात जवळजवळ बनतच नाही. यात तुमचा दोष नाही. ही मोडाफिनिलची गोळी रोज सकाळी घ्यायची. उत्तेजक आहे. मेंदूतलं दुसरं एक रसायन ती जास्त वेळ टिकवून धरते, म्हणून जागं राहता येतं. दुपारनंतर घेतलीत तर रात्रीची झोप उडेल. आणि गोळी घेतली तरी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं झोपायचंच."

सोबत आलेल्या मेव्हण्याचे डोळे चमकले. "मलाही द्या की एक पट्टी. दोन सलून चालवीन."

"तुम्हाला झोप येते कारण तुम्ही रात्री मोबाइल बघता," बाई म्हणाल्या. "त्याला औषध उशी." बायकोला पदर तोंडाला लावावा लागला, आणि डुलकीशेठ खुर्चीतून घसरला तो बाईंच्या टेबलाखालीच सापडला.

पहिला आठवडा डोकं दुखलं, जेवण जाईना. मग एका सकाळी साडेअकराला त्याच्या लक्षात आलं की समोरच्या दुकानाची अख्खी पाटी आपण वाचली. इतकी वर्षं तो तिचा अर्धाच भाग वाचत होता.

हसण्याला मात्र ही गोळी दाद देईना. "ती गडबड वेगळी, तिची गोळी वेगळी," म्हणून बाईंनी दुसरी सुरू केली. हळूहळू पडणं थांबलं. फार तर जबडा सैल पडायचा, गुडघे जरा लटपटायचे, आणि तेही आधी कळायचं. पाच महिन्यांनी बाईंनी वस्तऱ्याला परवानगी दिली, पण एका अटीवर: तसं वाटलं की हातातलं आधी खाली ठेवायचं. मेव्हण्यानं पाटी रंगवून आरशावर लावली: "वस्तरा चालू असताना हसवू नये."

डुलकीशेठ पहिल्या खुर्चीमागे परत उभा राहिला. सकाळचे नऊ, दहा, साडेदहा. बाकावर चौघे बसलेले, आणि चौघांनाही अचानक केसच कापायचे होते. दाढी वाढलेला भाजीवाला तर म्हणाला, "मी ठेवावी म्हणतोय." शेठ पट्ट्यावर वस्तरा घासत राहिला. आणखी दोन दिवस असे गेले तर आपण हा वस्तरा पुन्हा हातात घेणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं.

तेवढ्यात मेव्हण्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि तो पहिल्या खुर्चीत येऊन बसला. "चला दाजी. खुंट वाढलेत."

फेस लागला. डावा गाल झाला, हनुवटीची डावी बाजू झाली. हात सगळं विसरला असेल असं त्याला वाटलं होतं, पण हाताला सगळं आठवत होतं. मेव्हणा आरशात बघत हळूच म्हणाला, "दाजी, अकरा वर्षं मी तुम्हाला आळशी म्हणत होतो. चुकलं माझं."

शेठचा जबडा सैल पडला. त्यानं वस्तरा बशीत ठेवला, खुर्चीचा दांडा धरला आणि सावकाश खाली बसला. बाकावरून भाजीवाला अर्धा उठलाच.

मिनिटभरानं शेठ उभा राहिला. "हसवू नका एवढंच लिहिलं होतंस," तो म्हणाला. "रडवू नका, हेही लिहायला लागणार का?"

मेव्हणा जागचा हलला नव्हता. अर्ध्या तोंडावर फेस सुकत आलेला, मान तशीच मागे टाकलेली, गळा उघडा. आत्ताच जमिनीवर बसलेल्या माणसापुढे.

"उजवी बाजू राहिलीय, दाजी," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

शेठनं ब्रश पुन्हा ओला केला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो ओसरेपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही म्हणून तो नुसताच फेस करत राहिला, आणि मेव्हणा मान वर करून थांबून राहिला.