वस्तीच्या तोंडावरून वापस बोलावलेला ड्रोन

गड्याहो, आज ड्रोन मीच वापस बोलावला. तवापासून जेवण गोड लागून नाही राह्यलं.

जऊळक्याकडच्या एका गावात घरांची ड्रोननं मोजणी होती, अन् ड्रोन उडवणारा मी. वरून फोटोत हद्द दिसावी म्हणून लोकायनं घराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. ड्रोनमध्ये रस्ता आधीच भरलेला असते. सारं गाव फिरून शेवटी बौद्ध वस्ती.

तो वस्तीजवळ पोचला, तं गावपुढारी म्हणाले, "थांबव. माह्या कंपाउंडची रेघ राह्यली होती, आता मारली. पुन्हा घे."

मी बटण दाबून उड्डाण रद्द केलं. ड्रोन वळला. त्यायचं घर दुसऱ्यांदा घेतलं, अन् मोजणीचे साहेब म्हणाले, "आवर आता, वस्ती पुढच्या खेपेले."

सामान भरताना वस्तीतली एक मावशी चुन्याच्या हातानं आली. "भाऊ, ते आमच्यावर आलंच नाही. काहून वापस गेलं?"

"बॅटरी संपली, मावशी."

अर्धी बाकी होती. अन् मी बी अशाच वस्तीतला आहो.

"मंग रेघा पुसू देत नाही मी. उद्या येता ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

उद्या आमी दुसऱ्या गावात. ती मात्र रेघा राखत बसन.

माह्या जागी तुमी असते, तं बटण दाबलं असतं काय? खरं सांगा.