सिम नसलेला प्लेअर

आमच्या घरात खुर्ची नव्हती तेव्हाही पेटी होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. दिंडोशीच्या डोंगराकडच्या पत्र्याच्या खोलीत बाबा, आई आणि मी राहायचो, आणि खोलीतली एकमेव बरी फळी पेटीला दिलेली होती. पत्रा गळायला लागला की आई आधी ती फळी चाचपायची, मग माझी पुस्तकं उचलायची. मला त्याचा राग यायचा. बाबा कामाला होते ती मिल बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते केलं. लग्नाच्या हॉलात वाढप केलं, कुरियरची पाकिटं वाटली, शेवटी एका टॉवरवर वॉचमन म्हणून लागले. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. मी बी.कॉम.चा अभ्यास त्या टॉवरच्या केबिनमध्ये केला, बाबांच्या डब्याशेजारी वही ठेवून. कुणी विचारलं, "ही कोण?" तर बाबा उभे राहून सांगायचे, "चेडू माझा. कॉलेजात आसा." एरवी ते फक्त गाडीसाठी उभे राहायचे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. यात लाजण्यासारखं काही नाही म्हणून सरळ लिहिते. आता अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि पत्र्याच्या खोलीच्या जागी आम्हाला पुनर्वसनात, एसआरएच्या इमारतीत घर मिळालंय. लिफ्ट आहे, घरात नळ आहे, संडास-बाथरूम आत आहे. खुर्च्याही आल्या.

बाबा अजून ड्युटीवर जातात. सकाळची पाळी करून दुपारी घरी. टॉवरवर त्यांना कुणी 'वॉचमन' म्हणतं, कुणी नुसतं 'ए'. पण पेटी पुढ्यात घेतली की ते बुवा. आम्ही कोकणातले, आमच्याकडे भजनाची डबलबारी चालते. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने म्हणायचं, मग दुसऱ्याने त्याला पुरून उरायचं. त्यात सगळ्यात मोलाचा गजर. तिथे चाल चढत जाते, पखवाज तापतो आणि पब्लिक टाळ्यांनी साथ धरतं. गजराची नवी चाल बुवा बारीच्या दिवसापर्यंत लपवून ठेवतो. समोरच्याने तीच आधी म्हटली तर तुम्ही तिथेच संपलात. मग तुम्ही ती म्हणा नाहीतर न म्हणा, लोक म्हणणार, चोरली.

बाबांचं एकदा तसं झालं होतं. प्रॅक्टिस कुणीतरी मोबाईलवर घेतली, ती कुठल्याशा ग्रुपवर गेली, आणि बारीच्या दिवशी बोरिवलीच्या बुवांनी आमचा गजर आमच्याच तोंडावर म्हणून टाकला. मोबाईल कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून बाबांना सगळ्यांचाच संशय. प्रॅक्टिसला आलेल्या माणसांचे फोन एका पातेल्यात जमा व्हायचे आणि आई त्यावर झाकण ठेवायची. आमचे पखवाजवाले काका कुर्ल्याला राहतात, रिक्षा चालवतात. बाबांच्या बरोबरीचे, गावापासूनचे. ते फोन टाकताना म्हणायचे, "वहिनी, शिजलो की वाढा."

गेल्या वर्षी बाबा विसरायला लागले. सकाळी गेटवर बसल्या बसल्या एखादी चाल सुचायची आणि घरी पोचेपर्यंत जायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी दार उघडलं की ते बूट न काढता तसेच उभे, ओठ हलतायत, आवाज नाही. "होती गो," म्हणायचे, "आत्ता होती." मुलुंडच्या हॉलमधली बारी ठरलेली होती, रविवार दुपारची, आणि समोर पुन्हा तेच बोरिवलीचे बुवा. गजर रचत होते, पण आज रचलेलं उद्या मिळत नव्हतं. रेकॉर्ड करणं भाग होतं आणि मोबाईलचं नाव काढायची सोय नव्हती.

म्हणून मी एमपीथ्री प्लेअर आणला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, छोटा पडदा, बटणं, आत आवाज टिपायची सोय. दुकानदार मला फोनच विकायला बघत होता. म्हणाला, "मॅडम, हे आता कोण घेतं?" मी म्हटलं, "ज्याला फोन नको तो."

बाबांनी तो हातात घेतला नाही. आधी चष्मा लावला, मग टॉर्च आणला.

"सिम खंय घालतत?"

"सिम नाही याला. नेट पण नाही. यातून काही बाहेर जात नाही."

"आणि ह्या काय?" त्यांनी कडेच्या खाचेवर टॉर्च मारला.

"मेमरी कार्डाची जागा आहे ती. जास्त गाणी ठेवायची असली तर."

"म्हणजे भायर काढून न्हेवक येता."

मी चिकटपट्टी आणून त्या खाचेवर लावली. त्यांनी नखाने दाबून बघितली आणि वर आणखी एक लावली.

मग मेनू. मी एकेक दाखवत होते: हे संगीत, हे रेडिओ, हे रेकॉर्डिंग. शेवटी एक निळं चिन्ह आलं आणि बाबांनी माझं बोट धरलं. टॉवरवरच्या पोरांच्या स्पीकरवर त्यांनी ते पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं की यात ब्लूटूथ आहे. खोक्यावर कुठेतरी बारीक लिहिलेलं असणार. मी ते बंद करून दाखवलं, पण पुढे रोज ड्युटीवरून आले की ते आधी त्या चिन्हाकडे बघायचे, मग पाणी प्यायचे.

"कंपनी चिनी आसा मां?"

"बाबा, चीनमध्ये डबलबारी नसते."

"आज नसात."

खोक्यात नुसती वायर होती. मी ती लॅपटॉपला लावायला गेले तर त्यांनी मध्ये हात घातला. "कॅम्प्युटरक लावलंस की गेली समज." मग माझ्या मोबाईलच्या चार्जरवर चार्जिंग सुरू झालं, आणि चार्ज होईपर्यंत ते शेजारी खुर्ची टाकून बसले. मला त्यात जुनी भजनं भरून द्यायची होती. पण भरायची म्हणजे कॉम्प्युटर आला, म्हणून तेही राहिलं. आमचा म्युझिक प्लेअर असा, की त्यात एक गाणं नाही.

शिकायला त्यांना वेळ लागला. लाल ठिपका लागला की चालू, हे पटायचं नाही. दोनदा दाबायचे, म्हणजे चालू होऊन बंद. एकदा बंदच केला नाही, तर त्यात फ्रिजची घरघर आणि आईचं "अहो, भेंडी की गवार?" एवढंच सापडलं. खिशात बटण दाबलं जायचं म्हणून कडेचा लॉक शिकवला, तर दुसऱ्या दिवशी म्हणाले यंत्र मेलं. लॉकच होता. पण पुढे जमलं. गेटवर चाल सुचली की गाडी गेल्यावर प्लेअर तोंडाजवळ धरायचे. संध्याकाळी कानात इअरफोन घालायचे, ऐकायचे, आणि तोंडावर असं काही यायचं की आई मला खूण करायची, बघ म्हणून. गेलेली चाल परत आलेली असायची.

गजर तयार झाला. मंडळाला त्यांनी तो दिला नाही. कोरसवाल्यांना शेवटची ओळ तेवढी, तीही साध्या सुरात. बाकी बारीच्या दिवशी.

आणि मग बाबांच्या सुट्टीच्या एका सकाळी, बारीला थोडे दिवस राहिलेले असताना, वरच्या मजल्यावरच्या काकू आंघोळ करताना तो गजर गात होत्या.

आमच्या इमारतीत सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एका डक्टवर, तळापासून गच्चीपर्यंतच्या पोकळीवर, उघडतात. मला काही कळलं नाही, मी पावडर लावत होते. बाबा दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले. "ऐकलंस?" म्हणाले. त्यांचा चेहरा फेसाखालीही पांढरा पडलेला दिसत होता.

मी वर जाऊन विचारलं. काकू म्हणाल्या, "कुठली चाल? अगं काय माहीत, तोंडात बसलीये दोन-चार दिवस. छान आहे ना?"

"तुमचं कोणी बोरिवलीला असतं का?"

"माझी नणंद. का गं?"

हे मी बाबांना सांगायला नको होतं, पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. नणंद बोरिवलीला म्हटल्यावर त्यांचं सगळं जुळलं. प्लेअरला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडे एक मिनिटभर बघितलं. मला वाईट वाटायच्या आधी राग आला. मी म्हटलं, "माझ्याकडे असं बघू नका, मला पेटीचा सा ओळखता येत नाही." ते त्यांना पटलं. मग राहिलं कोण? मागच्या बैठकीला प्लेअर खिडकीत ठेवलेला होता आणि पखवाजवाले काका खिडकीजवळ बसले होते. तेवढ्यावर बाबांनी त्यांना फोन केला. "तू रविवारी येव नको," एवढंच बोलले आणि ठेवला.

आई म्हणाली, "पखवाज कोण वाजवणार मग?"

"कोणय वाजयत."

कोणीही वाजवणार नव्हतं. एवढ्या वर्षांचा हात होता तो. बाबा पेटीवर श्वास घेणार कुठे हेही त्यांना माहीत. त्यांच्याशिवाय बारीला बसणं म्हणजे हरायलाच बसणं, आणि बाबा ते जाणून होते. जेवले नाहीत नीट. पण माघार घेणं त्यांना येत नाही, मलाही येत नाही. आमच्यात ते आहे.

गुरुवारी ऑफिसात लाइट गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. लिफ्टमधून उतरले आणि पॅसेजमध्ये थांबले. गजर चालला होता. पूर्ण, पहिल्या ओळीपासून, चढत्या आवाजात, डक्टमधून घुमून मजल्यावर येत होता. आवाज बाबांचा.

मी किल्लीने दार उघडलं. घरात आई नव्हती, या वेळी नसतेच. बाथरूमला आतून कडी. मी दारावर हात मारला, दोनदा, तीनदा, गाणं थांबेना. मग जोरात मारला तेव्हा थांबलं. बाबा बाहेर आले, कानात इअरफोन.

"काय करताय?"

"चाल पक्की करतंय. कोणाक ऐकाक येव नये म्हणून हय बसतंय."

"तुम्ही गात होता."

"मनातल्या मनात."

मी वाद घातला नाही. त्यांच्या कानात इअरफोन नीट बसवले, प्लेअर पहिल्यापासून लावला आणि खुणेने सांगितलं, म्हणा, तसंच मनातल्या मनात. त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागले. कानात तो आवाज भरला की स्वतःचा किती लागतोय ते समजत नाही, गुणगुणतोय असंच वाटतं. मी बाहेरचं दार उघडून ठेवलं. दुसऱ्या कडव्याला समोरच्या घरच्या वहिनींनी दार उघडलं, हात पिठाचे, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज काकांनी लवकर घेतलं?"

मी बाबांच्या कानातला एक इअरफोन काढला. "वहिनी, परत सांगा यांना."

वहिनींनी सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "कितक्या मजल्यांर जाता आवाज?"

"डक्ट आहे बाबा. सगळ्या."

संध्याकाळी आम्ही कुर्ल्याला गेलो. काका रिक्षा पुसत होते. आम्हाला बघून फडकं पिळलं, पण हातातलं काम सोडलं नाही.

"कित्याक इलंस बुवा? माझो फोन तपासूक?"

बाबांनी खिशातून प्लेअर काढला आणि एक इअरफोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली तेव्हा हात पुसून त्यांनी तो कानात घातला. ऐकताना त्यांची बोटं रिक्षाच्या टपावर चालायला लागली, मग मध्येच थांबली.

"ह्यो तो गजर?"

"ह्योच."

"आज पयल्यांदा ऐकतंय मी."

बाबा इअरफोनच्या वायरीचा पीळ सोडवायला लागले.

"माका तू ठेको सांगितलंस. चाल कधी सांगितलंस? जी ऐकलीच नाय ती विकू कशी रे मेल्या?"

"माका संशय इलो."

"तुका संशय येवक ना पेटी लागता, ना पखवाज."

काकी आतून चहा घेऊन आल्या. काकांनी कप घेतला, इअरफोन मात्र कानातच ठेवला. "परत लाव," म्हणाले. बाबांना आता लावता येत होतं. त्यांनी मला न विचारता मागे घेतलं आणि पहिल्यापासून लावलं, आणि त्या चाळीच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, दोघं एकेक इअरफोन कानात घालून उभे राहिले. आता तर बाबा उघडच गात होते. मी आजूबाजूला बघत होते, कुणी फोन तर काढत नाही ना. ती सवय मला लागली होती.

रविवारी बोरिवलीचे बुवा पहिले बसले. मी पुढून तिसऱ्या रांगेत होते आणि त्यांची प्रत्येक ओळ धसक्याने ऐकत होते. पहिला गजर झाला, दुसरा झाला. आमचा आला नाही. त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता, की पोचूनही त्यांनी ठेवून दिला, ते मला माहीत नाही. बाबा म्हणतात पोचला होता. त्यांना तसं म्हणू दे.

मग आमची पाळी. बाबांनी पेटी पुढे ओढली, पखवाजवाल्या काकांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणिक लावून थाप बघितली. आमच्या इमारतीतले लोक टेम्पो करून आले होते, काकू, वहिनी, सगळे, आणि गजराची पहिली ओळ पुरी व्हायच्या आतच त्यांनी टाळ्या धरल्या. समोरच्या मंडळातले एकमेकांकडे बघायला लागले, नवा गजर यांना पाठ कसा.

बारीत निकाल लागत नाही. लोक घरी जाताना काय बोलतात त्यावर ठरतं, आणि आम्हाला दोन्ही बाजूंचं ऐकायला मिळालं. पण त्या दुपारी बाबांनी स्वतःचा गजर स्वतःच पहिल्यांदा लोकांपुढे म्हटला, एकही ओळ न विसरता, आणि पखवाज आमच्याच माणसाने वाजवला.