साडभाऊंचा नांगर

आमच्या साडभाऊंइतका घोर लावून घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि साठी उलटल्यावर धरणाच्या पाण्यात होडीसारखी चालवायची स्कूटर विकत घेणाराही दुसरा कुणी सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गारखेड्यातल्या घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढतात. भर मे महिन्यात लग्नाला निघाले तरी गाडीत छत्री आणि कानटोपी असतेच. विचारलं तर म्हणतात, "संकट काय पत्रिका देऊन येतंय व्हय?"

असा माणूस पाण्यात उतरला, त्याला कारण होतं. लहानपणी त्यांचं गाव धरणात गेलं. त्या जागेवर जाऊन घडीभर निवांत बसावं, एवढीच त्यांची हौस. नावाडी तिथवर न्यायचे, पण थांबायचे नाहीत. म्हणून भाऊंनी या वयात पोहणं शिकून घेतलं, परवानगी काढली, स्कूटर आणली, आणि मग ती पाण्यात एका जागी थांबवायची कशी, म्हणून त्यांना नांगराचा घोर लागला. स्कूटरच्या नाकाडाखाली सामानाचा एक कप्पा असतो, दिवाळीच्या फराळाचा मोठा डबा जेमतेम बसेल एवढा. भाऊंना त्यात जगातली सगळी संकटं बसवायची होती. मलमपट्टी, शिट्टी, बॅटरी, ग्लुकोज, कोरडे कपडे आणि दोन चादरी, कारण "बुडता बुडता वाचलो तर थंडी वाजंल की!" आधी त्यांनी नांगर म्हणून वाळू भरून पाण्यात सोडायची पिशवी आणली. रिकामी असली की तिची रुमालाएवढी घडी व्हायची. पण काठावर वाळूच नसली तर? पिशवी परत गेली. मग छत्रीसारखा मिटणारा, चार दातांचा लोखंडी नांगर आला. तो आतल्या आत आपटून बुडाला भोक पाडील म्हणून त्याला टॉवेलात गुंडाळलं. आता झाकण लागेना.

"अहो, त्या चादरी काढा," भाऊंच्या मंडळी, आमच्या ताई, म्हणाल्या.

भाऊंनी चादरी ठेवल्या आणि नांगराची दोरी अर्धी कापून टाकली.

हिवाळ्यातल्या एका दुपारी लाइफ जॅकेट घालून मी त्यांच्यामागं बसलो. टेकडीवरचं देऊळ, त्यांच्या बुडालेल्या गावाची खूण, उजव्या खांद्याला आलं तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. तो तळाला टेकला, पण दोरी आखूड, उभी ताणलेली. दात चिखलात रुतेनात. तेवढ्यात वारा सुटला आणि आम्ही मोठ्या पाण्याकडं सरकू लागलो. भाऊंनी बटण दाबलं. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा दाबलं, तर तेही नाही. काठ लांब जाताना दिसत होता.

"साडभाऊ, दोरी लई आखूड केली मी," भाऊ मला म्हणाले.

आता हा माणूस हातपाय गाळणार, असं मला वाटलं. पण हे संकट अंथरुणात पडल्यापडल्या त्यांनी इतक्यांदा भोगलं होतं, की खरं आल्यावर त्यांनी सरळ कप्प्याचं झाकण उघडलं. चादरी काढल्या, त्यांना पीळ दिला, दोरीला गाठ मारून जोडल्या. "हे टोक धरा. झटका देऊ नका." चादरी पाण्यात सरकत गेल्या, दोरी तिरपी पडली, आणि एक हिसका बसून स्कूटर जागच्या जागी थांबली.

भाऊ माझ्याकडं वळून हसले. "किती वर्षांनी आमच्या वावरात नांगर लागला, बघा!"

मी शिट्टी फुंकत राहिलो. ते मात्र पाण्याकडं बोट करून सांगत होते, इथं शाळा, तिथं चिंच, त्याच्या अलीकडं आमचं अंगण. "आई इथूनच हाका मारायची. मी मुद्दाम ऐकू आलं नाय असं करायचो."

बऱ्याच वेळानं मासेमारीची एक होडी आली. होडीवाल्यानं आमच्याकडं दोर फेकला. "चला काका, ऊन उतरलं."

भाऊ नांगर ओढायला वाकले आणि पुन्हा सरळ बसले.

"थोडं थांबता का?"

घरी बायका काळजी करत असतील, हे मला ठाऊक होतं. तरी मी शिट्टी खिशात टाकली. होडीवाल्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि वल्हं आडवं ठेवलं. पाणी स्कूटरच्या बुडाला हळू थापटत होतं, आणि भाऊ मान कलती करून कानोसा घेत होते.