साठ शेळ्यांचं रक्त

जोतीराममामांबद्दल लिहायचं, तर आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी. ती हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

तासगावजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर, ते परिचर. एकतीस वर्षं त्यांनी अडलेल्या म्हशी सोडवल्या, लाथा खाल्ल्या, एक गुडघा कामातून घालवला. शेळीच्या मानेतली शीर त्यांच्या अंगठ्याला न बघता लागायची. मला आजही चारदा टोचावं लागतं. माणूस फटकळ. "सायब, तुमी कागदाचं डॉक्टर," असं तोंडावर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

गेल्या वर्षी गावातल्या साठ शेळ्या आखातात निघाल्या. त्यांना आरोग्य दाखला हवा होता. म्हणजे प्रत्येकीचं रक्त तपासायला पाठवायचं आणि गाभ टाकण्याचा रोग एकीलाही नाही, हे माझ्या सहीनं सांगायचं. दुपारपर्यंत वीस झाल्या. मला सांगलीला मेहुणीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं, बायकोचे सारखे फोन. मी म्हणालो, "मामा, आता ह्याच वीस जणींचं तीन-तीन नळ्यांत भरा."

त्यांचा हात थांबला. "आवं सायब, कानातलं बिल्लं तिघींचं, आन रगात एकीचं?"

"सांगतो तेवढं करा हो!" मी खेकसलो. त्यांनी केलं. मी नळ्यांवर साठ बिल्ल्यांचे नंबर घातले आणि जेवायला वेळेत पोचलो. बासुंदी होती. दोनदा घेतली. पुढं अहवाल चांगला आला, तशी दाखल्यावर सहीही ठोकली.

बंदरावर पुन्हा तपासणी झाली. सात शेळ्यांना तोच रोग निघाला. सगळा कळप परत आला, चौकशी लागली. रक्त कुणी काढलं, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "परिचरानं." एक अक्षर खोटं नाही, काय नामी उत्तर! मग मामांना विचारलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय, मीच काढलं. कटाळा आला, म्हणून थोड्यांचंच काढलं."

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुमची नोकरी समदी फुडं हाय." निवृत्तीला पाच महिने उरलेला माणूस निलंबित झाला. मला नुसती समज मिळाली.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. निदान त्यांच्या बायकोला तरी खरं सांगायचं, असं घोकत गेलो होतो. मामा अंगणात वैरण तोडत होते. अंजनामामी चहा घेऊन आल्या आणि माझ्यादेखत त्यांच्यावरच उसळल्या.

"जल्मभर ह्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं न्हाई, आन शेवटाला आळस केला! बायकांत तोंड दाखवायची चोरी झालीया मला. डॉक्टरसायब, तुमालाबी ह्यांच्यापायी बोलणी खायला लागली. पदरात घ्या ह्यांची चूक."

म्हणजे घरातसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मामा विळा थांबवून माझ्याकडं बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं.

"असू दे मामी," मी म्हणालो. "माणूस आहे, चुकतो कधीतरी."