नारळाला कुंकू

लंकाबाईला राजकारणाची हौस नव्हती. तिला संडास हवे होते. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, कारण ही गोष्ट शेवटपर्यंत त्याच विषयाची आहे.

सत्याण्णव साल. सिन्नरहून नाशिककडे येताना हमरस्त्याला चिकटून चिंचेवाडी नावाचं गाव. त्याच्या खालच्या आळीत एकाही घरात संडास नव्हता. घराघरात टीव्ही आले होते, कुणाकुणाकडे मोटारसायकल होती, पण संडास म्हटलं की पुरुषांना हसू यायचं. आळीच्या मागे गावठाणाची मोकळी जागा होती, वेड्या बाभळींनी भरलेली. पहाटे बायकांनी तिकडे जायचं आणि पुरुषांनी ओढ्याकडे. ही वाटणी कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे पाळत. त्या बाभळींत बायकांचं जग होतं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पाठीवर वळ उठलेत, हे आधी तिथं कळायचं आणि मग गावात.

ती जागा सहादूच्या डोळ्यांत भरली. सहादू दोनदा सरपंच झालेला, कांद्याचा व्यापारी. त्याला तिथं कांद्याच्या चाळी बांधायच्या होत्या आणि ट्रक उभे करायचे होते. जागा भाड्याने द्या, असा अर्ज त्याने ग्रामपंचायतीत टाकला. तिथे निम्मे लोक त्याचे, निम्मे विरोधातले. आणि खालच्या आळीची बायकांसाठी राखीव असलेली सदस्याची जागा रिकामी, कारण तिथली आधीची सदस्या राजीनामा देऊन लेकाकडे नाशिकला राहायला गेली होती. त्या एका जागेची पोटनिवडणूक लागली. जो ती जिंकेल त्याची ती बाभळीची जागा, इतकं ते सरळ होतं.

सहादूने बायकोला उभं केलं. सुलाबाई बिचारी उंबऱ्याबाहेर पडत नसे. पोस्टरवर सहादूचा हात जोडलेला भला मोठा फोटो आणि खाली बारीक अक्षरात तिचं नाव. तिचा चेहरा कुठेच नव्हता. गावाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

लंकाबाई त्याच सहादूच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. वणीकडून लग्न होऊन आलेली, सातवी शिकलेली, आवाज असा की खळ्याच्या एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाला गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेचणारीचा हात थांबायचा. नवरा फकिरा सिन्नरच्या एका कारखान्यात वॉचमन, मुलगा दत्तू तिथेच हेल्पर, सून आशा पाच महिन्यांची गरोदर. अर्जाची बातमी खळ्यावर कळली तशी लंकाबाई हातातला कांदा टाकून उठली.

"भाऊ, जागा तुम्ही घेतली तर बाया जातीन कुठं? हमरस्त्याच्या पलीकडं?"

सहादू हसला. "वैनी, जग चंद्रावर चाललंय आन तुम्ही हगायच्या गोष्टी काढता!"

"चंद्रावर जाणारा बी सकाळी उठून कुठं तरी जातच आसंन ना," लंकाबाई म्हणाली.

अख्खं खळं हसलं. सहादू हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून लंकाबाईला कामावर यायचं नाही असा निरोप आला. तिने त्याच आठवड्यात उमेदवारी अर्ज भरला. फकिराने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सूचक होणारा माणूस शोधून आणला.

चिन्ह मिळालं नारळ. सुलाबाईला छत्री. आळीतल्या बायका खूश झाल्या. देवापुढचं चिन्ह आपल्याला मिळालं म्हणजे देवाचं मत पडलंच, असा सगळ्यांचा हिशेब.

अडचण वेगळीच होती. आळीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं आणि शिक्क्याची सगळ्यांनाच धास्ती. मागच्या वेळी एकीने शिक्का दोन्ही चिन्हांवर मारला होता, कुणाचं मन दुखवायला नको म्हणून. आता संक्रांत तोंडावर आलेली. लंकाबाईने हळदीकुंकू करायचं ठरवलं. सहादूची माणसं सभेला आडवी आली असती, हळदीकुंकवाला कोण आडवं येणार? मनात आणलं तर बाईमाणूस किती पुढचा विचार करतं बघा. आणि किती कमी, तेही पुढे बघा.

घर बायकांनी भरलं. तिळगूळ झाला, वाणाच्या प्लास्टिकच्या वाट्या वाटून झाल्या, आणि लंकाबाईने मतपत्रिकेचा नमुना काढून पाटावर ठेवला. एकाखाली एक छत्री आणि नारळ. पण शिकवायचं कशाने? शिक्का कुठून आणायचा? तिने सरळ आशाच्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि नारळावर टेकवलं.

"हे आसं. बरोब्बर नारळावर. छत्रीला शिवायचं नाय. हात कापू द्यायचा नाय. चला, एकेकीनं लावा."

एकेक बाई पुढे झाली आणि नारळाला कुंकू लावून मागे सरली. नारळ लालभडक झाला. "ओटी भरली गं लंकाबाईची!" अक्काबाई ओरडली. अक्काबाई म्हणजे शेजारीण, पन्नाशीची, जिथं जाईल तिथं पुढारी. हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात दारात भागीबाई येऊन उभी राहिली. साठीची विधवा, गुडघ्यांनी अधू, एकटी राहणारी.

"मला नाय का गं बोलावलं, लंके? माझं मत बाद झालंय का?"

"तसं नाय मावशे," लंकाबाई गडबडली. "हळदीकुंकू हाय ना हे... तुला उद्या येगळं समजावून सांगते."

भागीबाईने आत एकदा नजर फिरवली, नजर चुकवून कोपऱ्यात बघणाऱ्या बायकांवरून, करंड्यावरून, लाल झालेल्या कागदावरून. मग पाठ फिरवून गेली. सहादूला भर खळ्यात उलट उत्तर देणारी लंकाबाई धीट होती, पण एवढी धीट नव्हती. उद्या सांगते म्हणाली आणि प्रचाराच्या धांदलीत विसरून गेली.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून जरा लांब दोन टेबलं लागली, एक छत्रीचं, एक नारळाचं. लखनच्या हॉटेलात सकाळपासून भाकितं सुरू झाली. लखन भजी तळता तळता निकाल जाहीर करत होता.

"छत्री. लिहून घ्या."

"नारळ रे. बाया पेटल्यात."

"बाया घरी पेटतात. आत गेल्या की नवऱ्याचं तोंड आठवतं."

"तुझ्या बायकोला तुझं तोंड आठवलं तर ती नारळालाच देईन!"

दुपारपर्यंत लंकाबाईने तोंडात पाणी घातलं नाही. शाळेच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा वाचत होती. ही हसली, म्हणजे आपली. हिने मान खाली घातली, म्हणजे सासऱ्याने दम दिला. ही थांबून बोलली नाही, का बरं बोलली नाही? आशा पोटावर हात ठेवून आली, मत देऊन गेली. जाताना म्हणाली, "आत्या, निवडून आलात तर पहिलं ते बांधायचं. मला रातच्याला उठावं लागतं." लंकाबाईने नुसती मान हलवली.

मग अक्काबाई आली. मत देऊन बाहेर पडली आणि बोट वर करून दाखवलं. बोटावर निळी शाई होती. आणि टोकाला लाल.

"देवपूजा करून आली का काय?" लंकाबाईने विचारलं.

"पूजाच की! आज तर मोठी पूजा!" अक्काबाई खिदळत गेली.

तिच्यामागून आलेल्या दोघीतिघींचीही बोटं तशीच होती. लंकाबाईला बरं वाटलं. कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू लावून बाया मतदानाला आल्यात, सणासारख्या आल्यात, आणखी काय पाहिजे, असं तिला वाटलं. डोळ्यांसमोर होतं, तरी दिसलं नाही.

चारच्या सुमाराला सहादूची जीप आली आणि तिच्यातून भागीबाई उतरली. आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भागीबाई कुणाकडे न बघता, गुडघ्यावर हात देत शाळेत गेली, बाहेर आली, पुन्हा जीपमध्ये बसली.

"फुटली म्हातारी," अक्काबाई म्हणाली. लंकाबाईनेही मनातून एक मत वजा केलं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या तहसीलात. लंकाबाई आणि फकिरा एसटीने गेले, सहादू चार माणसं घेऊन जीपने. टेबलावर दोन गठ्ठे वाढत होते आणि बाजूला तिसरा, बाद मतांचा. लंकाबाईचं लक्ष आधी दोनांवरच होतं. तिसरा वाढू लागला तशी ती पुढे वाकली. त्यातल्या प्रत्येक कागदावर नारळ होता आणि नारळावर लाल ठिपका. काहींवर नुसता ठिपका. काहींवर ठिपका आणि शेजारी व्यवस्थित शिक्काही, म्हणजे आधी कुंकू लावून मग शिक्का मारलेला, पूजेच्या क्रमाने.

"साहेब, ही माझी मतं हायेत."

"असतील. पण आमच्या शिक्क्याशिवाय दुसरी खूण असली की मत बाद." अधिकारी थकलेला होता, उद्धट नव्हता. "कुंकू दिसतंय हे. बाई, कुणी सांगितलं यांना कुंकू लावायला?"

पाटावरचा लालभडक नारळ तिच्या डोळ्यांसमोर आला. सहादूने बाद गठ्ठ्यातला वरचा कागद बघितला, लंकाबाईकडे बघितलं, आणि मोठ्याने हसायला लागला. सुलाबाई थोडक्या मतांनी निवडून आली. बाद झालेले कागद त्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होते. सुलाबाई मोजणीलाही आली नव्हती. घरी स्वयंपाक करत असेल.

परतीच्या एसटीत फकिरा एवढंच म्हणाला, "शिक्का म्हणून बटाटा तरी कापायचा होता."

आळी वाट बघत होती. निकाल गावात आधीच पोचला होता आणि निकालाचं कारणही बायकांनी ठरवून टाकलं होतं. भागीबाईच्या दारासमोर अक्काबाई हात नाचवत उभी होती.

"जीपमधे बसाया गोड वाटलं का गं म्हातारे? गद्दार मेली!"

"गुडघे दुखतात म्हणून बसले," भागीबाई आतून म्हणाली. "जीप त्याची व्हती. मत माझं व्हतं."

लंकाबाईने अक्काबाईचा हात धरला. "तिला बोलू नको. आपलीच मतं बाद झालीत. ज्यांनी ज्यांनी कुंकू लावलं, त्या सगळ्यांची."

एकदम गलका उठला.

"नारळाला कुंकू लावलं तर बाद? कसं काय?"

"देवाला चालतं आन सरकारला चालत नाय?"

"आन लावा म्हणून कुणी शिकवलं? तूच ना?"

"मीच," लंकाबाई म्हणाली. "पण ते दाखवायला होतं गं. तिथं शिक्का मारायचा होता."

अक्काबाईने हात सोडवून घेतला. बारा बायकांसमोर आपण मूर्ख ठरलो हे मान्य करण्यापेक्षा लंकाबाई लबाड आहे हे मानणं तिला सोपं गेलं. माणसाचं असंच असतं आणि बायका माणसंच आहेत, कुणी काहीही म्हणो.

"मुद्दाम शिकवलं," अक्काबाई हळूच म्हणाली. हळू बोललेलं लांब जातं. "आतून सहादूचीच असंन ही."

फाल्गुनात जेसीबी आला आणि एका दिवसात बाभळी गेल्या. चाळी उभ्या राहिल्या. घरात फकिराचा एकट्याचा पगार पुरेना, दत्तूचं काम सुटलं, तेव्हा सहादूचा निरोप आला: वैनी, झालं गेलं विसरा, खळ्यावर या. लंकाबाई गेली. जायला नको होतं म्हणणाऱ्यांनी तिच्या घरी पीठ आणून द्यायला हवं होतं. आळीला जे पाहिजे होतं ते मिळालं. "बघा, घेतलं का नाय परत?" अक्काबाईने घरोघर सांगितलं. आशा सातव्या महिन्यात माहेरी गेली. जाताना दत्तूला सांगून गेली की बाळ घेऊन येईन, पण आडोसा झाल्यावर. बाळ सव्वा वर्षाचं झालं तरी ती आली नव्हती.

आता बायका पहाटे हमरस्ता ओलांडून पलीकडे जातात. तिथं झाड नाही, नुसता उतार. नाशिककडून ट्रक वळला की उजेडाचा झोत त्या उतारावरून फिरतो आणि सगळ्या बायका पदर तोंडावर ओढून उभ्या राहतात. ट्रक गेला की बसतात. पुन्हा उजेड आला की पुन्हा उभ्या. अक्काबाईचा घोळका एकीकडे, आणि त्यांच्यापासून दूर लंकाबाई. तिच्याशी कुणी बोलत नाही.

भागीबाई मात्र काठी टेकत तिच्याच बाजूला येते. पहिल्यांदा आली तेव्हा लंकाबाई म्हणाली, "मावशे, मी तुला उद्या सांगते म्हणाले आन आलेच नाय."

"बरं झालं नाय आली," भागीबाई म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाय, म्हणून मी आत जाऊन मास्तरला इचारलं. तो म्हणला, शिक्का उचल आन मार. मारला नारळावर. कपाळ तर माझं मोकळंच हाय, कुंकू आणू कुठून?"

तेवढ्यात चाळींकडच्या वळणावर उजेड दिसला. लंकाबाई उभी राहिली. भागीबाईला गुडघ्यांमुळे उठता येईना. लंकाबाईने तिच्या पुढ्यात येऊन आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि उजेडाकडे पाठ केली. ट्रक कांद्याचा होता, सहादूच्या चाळीतून भरलेला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, लांबलचक, मजेत.

"गेला का?" भागीबाईने विचारलं.

"थांब," लंकाबाई म्हणाली. "मागून अजून एक येतोय."