तळघराच्या दारातला आवाज

साताऱ्याच्या ज्या साप्ताहिकात मी बातमीदार होतो, तिथे भुताखेतांच्या हकिगती पोस्टाने नेमाने येत. त्या वाचून केराच्या टोपलीत टाकणे हे माझे काम होते आणि ते मी आनंदाने करत असे. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असे म्हणवत नाही. तरी तशीच एक हकिगत लिहायला बसलो आहे... संपादकांनी ती टोपलीत टाकली तर माझी तक्रार नाही.

माझे वडील हरिपूरचे. सांगलीहून कृष्णेच्या काठाने थोडे चालले की हे गाव लागते. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते डॉक्टरी शिकायला व्हिएन्नाला गेले आणि परतताना लग्न करून आले. आई स्लोव्हाक. तिचा मुलूख तेव्हा हंगेरीत होता, पुढे चेकोस्लोव्हाकियात गेला. हरिपुरात मात्र ती शेवटपर्यंत 'जर्मन मडम'च राहिली. लग्नात तिचे नाव मीरा ठेवले होते, ते वडिलांशिवाय कुणी वापरले नाही.

हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात. माणूस जेमतेम मावेल एवढे तोंड आणि खाली खोलीएवढा खड्डा. बंद पेवातली हवा जीव घेते, म्हणून उघडल्यावर आधी दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचे नाही. दुसऱ्या युद्धात रॉकेल मिळेना. त्याच सुमारास पलटणीतून रजेवर आलेल्यांनी बॅटऱ्या आणल्या आणि हमाल त्या घेऊन पेवात उतरू लागले. एक जण तसाच उतरला, तो जिवंत वर आला नाही. वडिलांनी त्याला पेवाच्या तोंडाशीच तपासले. आई शेजारी उभी होती.

त्यानंतर कुठेही पेव उघडले की ती तिथे हजर असे. हमालांकडून शिकलेल्या मराठीत एकच सांगणे — "आदी दिवा सोड. बॅटरी इझत न्हाई."

मुकादम हसायचा. "आवं मडम, तुमीच व्हा की मुकादम. मी घरी जाऊन भाकऱ्या थापतो."

"तुजी भाकरी खानार कोन?" आई म्हणायची आणि दिवा तळाला टेकेपर्यंत जागची हलायची नाही.

वडील आधी गेले. युद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी, आषाढात, विषमज्वराने आईही गेली. दहन हरिपुरातच झाले. अस्थी संगमात सोडायची वेळ आली तेव्हा माझे थोरले चुलते आप्पा मध्ये पडले.

"तिचं काय हितं? तिच्या मानसांकडं पोचीव की," ते म्हणाले. "हितं सोडल्या तर उद्या पक्षात बी घालावं लागंल. कुठल्या गोत्रानं घालायचं?"

आईने काही सांगून ठेवलेले नव्हते. ती कुणाची, हा प्रश्न तिला जिवंतपणी कुणी विचारलाच नव्हता. आता तो माझ्यावर आला. अस्थी तांब्याच्या डबीत ठेवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात मुंबईहून बोट धरली. माझ्या कामावाचून साताऱ्यात कुणाचे काही अडणार नव्हते. निरोप द्यायला धक्क्यावर कुणी नव्हते.

बोटीवर आणि पुढे आगगाडीत मराठी बोलायला माणूस मिळाला नाही. ब्रातिस्लाव्हाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांचे लहानसे गाव. तिथे आईची धाकटी बहीण आन्ना एकटी राहत होती. नवरा आणि मुलगा दोघेही युद्धात गेलेले. मला आईची भाषा स्वयंपाकघरापुरती येते. बहीण गेल्याचे मी दारातच सांगितले. ती रडली नाही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तू तिच्यासारखा दिसत नाहीस," ती म्हणाली. "नाक तेवढं आमचं आहे. ये आत."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबी कुठे पुरायची ते ठरवायचे होते. त्याआधी मेलेल्या माणसाच्या नावाने पेलाभर वाइन प्यायची असते, म्हणून मावशी मला घेऊन तळघराकडे गेली. दाराशी खिळ्याला एक चांगली बॅटरी टांगलेली होती. ती सोडून मावशीने मेणबत्ती पेटवली.

"बॅटरी चालत नाही का?" मी विचारले.

"चालते. एका जर्मन शिपायानं टाकलेली आहे, अजून चालते." मग ती पायरीवर बसली. "हसणार नसशील तर सांगते."

तिने सांगितले ते असे. मागच्या शरद ऋतूत पिंपांत द्राक्षरस आंबत होता. त्या दिवसांत तळघरात जड, विषारी हवा साठते हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून हातात मेणबत्ती धरूनच उतरतात. पण युद्धानंतर मेणबत्त्या महाग होत्या आणि बॅटरी आयती मिळालेली. भर सकाळी ती बॅटरी घेऊन पायऱ्या उतरू लागली. इतक्यात मागून, दारातून, एक बाई ओरडली. भाषा परकी. त्यातला एकच शब्द तिला कळला, कारण बॅटरीला ते लोक 'बातेर्का' म्हणतात. तिने हातातल्या बॅटरीकडे पाहिले, मग मागे वळली. दारात कुणी नव्हते. ती घाबरून वर आली, शेजारणीकडून मेणबत्ती मागून आणली आणि काठीला बांधून खाली धरली. तिसऱ्या पायरीवरच ती विझली.

"काय ओरडली ती बाई?" मी विचारले.

मावशीने डोळे मिटून, अडखळत, एकेक आवाज जोडत म्हटले, "आदी... दिवा सोड. बॅटरी... इझत न्हाई."

मी तिला पुन्हा म्हणायला लावले. मग आणखी एकदा. शब्दांचा अर्थ तिला माहीत नव्हता, पण 'न्हाई' वरचा झटका नेमका आईचा होता.

आता बातमीदार म्हणून मी जे तपासले ते सांगतो. पेवांविषयी मी मावशीशी तोवर एक शब्द बोललो नव्हतो. आईची पत्रे युद्धाच्या आरंभालाच बंद पडली होती, पुढे ती सुरू झालीच नाहीत आणि तो हमाल त्यानंतर मेला. त्या गावात हिंदुस्थानी शिपाई कधी आले नव्हते. शेजारणीला मी स्वतंत्रपणे विचारले. मावशी मेणबत्ती मागायला आली तेव्हा ती काहीतरी 'जिप्सींसारखे' पुटपुटत होती, एवढे तिला आठवत होते. मरणाच्या घटकेला माणूस दूरच्या नातलगाला हाक देते म्हणतात, पण तशा तारखाही जुळत नाहीत. आई आषाढात गेली, हे त्यानंतर काही महिन्यांनी घडले.

त्या शब्दांचा अर्थ आणि पेवांची गोष्ट मी मावशीला सांगितली. मेणबत्ती तिच्या हातात तशीच जळत होती.

"गेल्यावर ती तुला कधी दिसली?" तिने विचारले.

"नाही."

"आवाज?"

"नाही."

"आम्ही दोघी एका अंथरुणात वाढलो," ती म्हणाली. "माझा जीव जात होता, तेव्हा तिच्या तोंडून आमची भाषा आली नाही. तुमची आली. ती डबी परत ने, पोरा. माझ्यासाठी इथं पुरू नकोस."

तिला ते सोपे गेले नसावे. स्टेशनवर पोचवायला ती आली नाही.

जाताना माझा पासपोर्ट ब्रिटिश होता. परत आलो तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि भाद्रपद लागला होता. हरिपुरात आप्पा ओसरीवर बसले होते.

"पोचीवलंस?"

"परत आणल्या."

"का रं?"

मी सगळे सांगितले. आप्पांनी मध्ये एकदाच विचारले, "आन् ती बॅटरीच म्हनाली?"

"हो."

ते उठून आत गेले, पाणी पिऊन आले. "उद्या सकाळी संगमावर जाऊ. भटजीला मी सांगतो. पक्षातबी घालू, गोत्राचं बगू काय ते." मग म्हणाले, "लय बोलायची रं ती. येकदा पेवावर मलाबी बोलली हुती, चार मानसांत."

त्यांचा विश्वास बसला की ते माझ्या हट्टाला कंटाळले, मला माहीत नाही. अस्थी कृष्णा-वारणेच्या संगमात सोडल्या.

घडल्या प्रकाराचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. योगायोग म्हणावा तर शब्द फार नेमके आहेत आणि मावशीला खोटे बोलून काही मिळणार नव्हते. त्यानंतर महिनाभर मी रजा घेऊन हरिपूरच्या रिकाम्या घरात राहिलो. मुद्दामच राहिलो. एकट्यापुरता चहा करायचा आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसायचे. काही ऐकू आले नाही. मला कसला धोका नव्हता, म्हणून असेल.