मशीन चालतंय का?

चष्म्याची काडी बदलून घ्यायला मी दुकानात बसलो होतो. तिथे कानाची मशीनंही मिळतात. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले आणि कानातलं मशीन काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"बाई, हे चालतंय का बघा जरा."

दुकानातल्या बाईंनी सेल तपासला, मशीन पुसलं आणि पुन्हा त्यांच्या कानात बसवलं. मग त्या पार दारापर्यंत गेल्या आणि तिथून हळूच म्हणाल्या, "काका, आज जेवायला काय केलं होतं?"

"पिठलं. जरा खाली लागलं."

"मग चालतंय की!"

"घरी कळत नाही हो. बोलणारंच कोणी नाही. मशीन बंद पडलंय की घरच शांत आहे, कसं ओळखायचं?"

बाई हसल्या नाहीत. "दर आठवड्याला येत जा," एवढंच म्हणाल्या.

ते गेल्यावर मी विचार करत राहिलो. सेल कसा घालायचा, मशीन पाण्यापासून कसं जपायचं, एवढं सांगितलं की दुकानदाराचं काम संपतं. ऐकण्याची वस्तू विकली म्हणून ऐकण्याजोगं काही द्यायलाही तो बांधील असतो का? नसावा. बाई मात्र देत होत्या.

माझा चष्मा तयार झाला. सकाळपासून मीही कोणाशी बोललो नव्हतो. निघता निघता मी विचारलं, "काच पुसायची कशी हो?"

पंचवीस वर्षं मी चष्मा वापरतोय. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.